‘पालिकेचा एक रुपयाही खर्च नाही’ म्हणणाऱ्या बिल्डरला काय सांगायचं?

एका जिल्ह्याच्या ठिकाणच्या नगर अभियंत्यांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. बसस्टँडच्या मागे नगरपालिकेच्या जागेवर ४०० झोपड्या आहेत. एक विकासक प्रस्ताव घेऊन आलाय: मुंबईसारखी झोपु (झोपडपट्टी पुनर्वसन) योजना करू. झोपडीधारकांना मोफत फ्लॅट, उरलेल्या जागेवर मी विक्रीच्या इमारती बांधतो, पालिकेचा एक रुपयाही खर्च नाही. अभियंत्यांना जाणून घ्यायचंय की सरकारी-खासगी भागीदारीतून गरिबांची घरं खरंच होतात का, आणि या माणसाला हो म्हणावं का.

मी आर्किटेक्ट. मुंबईच्या पूर्व उपनगरांत झोपु योजनांची कामं सत्तावीस वर्षं केली. आता दोन-तीन नगरपालिकांना सल्ला देते. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते: या स्वरूपात, नाही. पहिल्या प्रश्नाचं उत्तर लांबलचक आहे, कारण ‘होतात’ आणि ‘होत नाहीत’ ही दोन्ही उत्तरं मी स्वतः बांधलेली आहेत.

मुंबईत हे कसं सुरू झालं ते आधी बघा. १९९१ च्या योजनेत झोपडीधारकाने थोडे पैसे घालायचे होते आणि बिल्डरच्या नफ्यावर २५ टक्क्यांची मर्यादा होती. बिल्डर फारसे आले नाहीत. १९९५ च्या निवडणुकीत ४० लाख झोपडीवासीयांना मोफत घरांचं आश्वासन दिलं गेलं, सत्ता बदलली, अफझुलपूरकर समिती बसली आणि त्याच वर्षाच्या शेवटी झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण म्हणजे एसआरए आलं. नफ्याची मर्यादा गेली. नियम सोपा होता. लोकांसाठी दहा फूट बांध, बदल्यात उपनगरात दहा फूट वीक, शहरात साडेसात, धारावीसारख्या अवघड ठिकाणी तेराच्या थोडं वर. घर आधी २२५ चौरस फुटांचं होतं, मग २६९, आता ३००. आश्वासन होतं आठ लाख घरांचं. तीस वर्षांत झाली अडीच लाखांच्या आसपास. ही अडीच लाख घरं खरी आहेत, त्यांत माणसं राहतात आणि सरकारने तेवढी स्वतःच्या पैशांनी कधीच बांधली नसती, हे मी कुठल्याही व्यासपीठावर सांगेन. फक्त ती कुठल्या पैशांतून झाली ते समजून घ्या, म्हणजे तुमच्या गावात का होणार नाहीत ते आपोआप कळेल.

कागद-पेन घ्या. पुढचे आकडे ढोबळ आहेत, मी समजुतीपुरते धरलेत. तुमचे खरे आकडे टाकून परत करा.

मुंबईचं मधलं उपनगर. ३०० फुटांच्या घराला जिना, लिफ्ट, भिंती धरून ४८० फूट बांधकाम. ३,८०० रुपये दराने अठरा लाख. लोकांना तीन वर्षं बाहेर भाड्याने ठेवायचं, महिना अठरा हजार धरले तर साडेसहा लाख. परवानग्या, व्याज, देखभालीची ठेव, ‘इतर’ (‘इतर’ काय असतं ते तुम्हाला माहीत आहे) धरून एका घरामागे तीस लाख. ४०० घरांचे १२० कोटी. विक्रीचा दर फुटाला पंचवीस हजार, त्यावरचा सगळा खर्च आठ हजार, फरक सतरा हजार. १२० कोटी भागिले सतरा हजार म्हणजे सुमारे ७० हजार फूट. इतकं विकलं की लोकांची घरं फिटली. त्यापुढे विकेल तो नफा.

आता तुमचं गाव. बांधकाम २,२०० रुपये, म्हणजे घराला साडेदहा लाख. भाडं महिना पाच हजार, तीस महिने, दीड लाख. बाकीचं धरून तेरा लाख. ४०० घरांचे ५२ कोटी. बघा, मुंबईच्या निम्म्याहूनही कमी. विकासकाने बहुतेक इथपर्यंतच दाखवलं असेल. पण तुमच्याकडे चांगला फ्लॅट ३,८०० रुपये फुटाने जातो. त्याचं बांधकाम, व्याज, दलाली वजा जाता हातात राहतात हजार रुपये. ५२ कोटी भागिले हजार: पाच लाख वीस हजार फूट. ८०० फुटांचा एक धरला तर साडेसहाशे फ्लॅट. तेही नुसती लोकांची घरं फेडायला. बिल्डरला अजून एक रुपया सुटलेला नाही.

तुमच्या दुय्यम निबंधक कार्यालयात जा आणि गेल्या तीन वर्षांत गावात नवे फ्लॅट किती नोंदले गेले ते बघा. एकाच ठिकाणी, पुनर्वसनाच्या इमारतीला लागून, साडेसहाशे फ्लॅट किती वर्षांत खपतील ते त्यावरून ठरवा.

हा सगळा खेळ जमिनीचा भाव आणि बांधकामाचा खर्च यांतल्या फरकावर चालतो. सिमेंट-सळई मुंबईत आणि तुमच्याकडे जवळपास त्याच भावाने मिळते, जमिनीच्या भावात मात्र जमीन-अस्मानाचा फरक. मुंबईच्या २०३४ च्या विकास नियमावलीतच ही गोष्ट मान्य केलेली आहे. जमिनीचा दर भागिले बांधकामाचा दर हे गुणोत्तर जिथे कमी, तिथे विकासकाला जास्त विक्रीक्षेत्र. म्हणजे गोवंडीला कुलाब्यापेक्षा जास्त. तुमच्या गावात ते गुणोत्तर एवढं खाली असेल की कितीही चटईक्षेत्र (म्हणजे बांधकामाची परवानगी) दिलं तरी विकत घ्यायला माणूस नाही. आणि चटईक्षेत्र कागदावर देणं फुकट असतं म्हणून आपल्याकडे ते सढळ हाताने दिलं जातं. त्याचं पाणी, गटार, रस्ता नंतर तुम्हालाच पुरवायचा असतो.

मग विकासक का आलाय? त्यालाही हे गणित येतं. माझा अंदाज आहे की त्याला दर्शनी भागातलं व्यापारी संकुल हवंय. बसस्टँडसमोरचे गाळे निवासी दराच्या तिपटीने जातात. त्याच्या प्रस्तावात गाळ्यांची इमारत पहिल्या टप्प्यात आहे का ते बघा. असेल, तर दुसरा टप्पा कधी येईल ते मी आत्ताच सांगू शकते.

‘पालिकेचा एक रुपयाही खर्च नाही’ हे वाक्य तर खोडूनच टाका. जमीन पालिकेची आहे. मुंबईत सार्वजनिक जमिनीवर योजना करताना विकासकाला रेडी रेकनरच्या (सरकारने ठरवलेल्या जमीनदराच्या) २५ टक्के अधिमूल्य भरावं लागतं. तुमच्याकडे आलेल्या कागदात ते आहे का? नसेल तर गावातली सगळ्यात मोक्याची जागा तुम्ही खर्चात न धरता देऊन टाकताय.

आता बाजार पडला की काय होतं ते सांगते. हे माझ्याच कामातलं आहे, म्हणून नावगाव सांगत नाही. पूर्व उपनगरातली २३० झोपड्यांची योजना, मी आर्किटेक्ट. संमतीच्या सभेत मांडवाखाली उभं राहून ‘चोवीस महिन्यांत चाव्या’ असं मीच माइकवरून म्हटलं होतं. लोकांनी विश्वासाने घरं रिकामी केली. पहिल्या अकरा महिन्यांचं भाडं एकदम मिळालं, पुढचे सहा महिने दर महिन्याला आलं, मग दोन-तीन महिन्यांतून एकदा, मग थांबलं. विक्रीची इमारत खपत नव्हती, विकासकाचा पैसा दुसऱ्या साइटवर अडकला होता, आणि पुनर्वसनाच्या इमारतीचं काम जोत्याच्या वर दोन स्लॅब होऊन बंद पडलं. सोसायटीच्या पत्र्याच्या ऑफिसात दर रविवारी लोक पासबुकं घेऊन यायचे. धुणी-भांडी करणाऱ्या एक मावशी टिटवाळ्याला भाड्याने राहायला गेल्या होत्या. कामं मात्र इकडचीच धरून ठेवलेली, पहाटे चारला उठून लोकल पकडायच्या. मला म्हणाल्या, ‘मॅडम, माझी झोपडी गळत होती, पण ती होती. आता तिथं गवत आलंय.’ त्यांचा नातू जागा सोडताना चौथीत होता. दहावीचा फॉर्म भरताना कुठला पत्ता लिहायचा हे विचारायला आला तेव्हाही स्लॅबमधून वर निघालेल्या सळ्या तशाच गंजत उभ्या होत्या. शेवटी झोपडपट्टी कायद्याच्या कलम १३(२) खाली विकासक बदलला, तोही दोन वर्षं कोर्टात भांडून. घरं मिळाली. नऊ वर्षांनी.

हा अपवाद असता तर मी लिहिलंच नसतं. जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे बोरिवलीतली अशीच वीसेक वर्षं रखडलेली एक योजना आली. त्या निकालात न्यायालयाने नुसता विकासकाला दोष दिला नाही. या कायद्याची सोळाशेच्या वर प्रकरणं उच्च न्यायालयात पडून आहेत, तेव्हा १९७१ च्या झोपडपट्टी कायद्याचाच कामगिरी-आढावा घ्या, असं उच्च न्यायालयाला सांगितलं. भाड्याच्या बाबतीत एसआरएने २०२३ मध्ये नियम कडक केला: दोन वर्षांचं भाडं आगाऊ जमा करा, तिसऱ्या वर्षाचे पुढच्या तारखांचे चेक द्या, मगच झोपड्या पाडा. नियम चांगला आहे, पण यायला अठ्ठावीस वर्षं लागली.

भागीदारीत जोखीम कोण घेतो हे नेहमी बघावं. कागदावर विकासक घेतो. प्रत्यक्षात फ्लॅट विकले गेले नाहीत तर बँक तारणावर हात ठेवते, विकासक दुसऱ्या कंपनीच्या नावाने पुढचं काम घेतो, पालिका पत्रव्यवहार करते आणि टिटवाळ्याचं घरभाडं मावशी भरतात.

बांधून झालेल्या इमारतींचंही सांगते, कारण तुमच्या प्रस्तावातलं रंगीत चित्र मी पाहिलं. चौदा मजले, समोर कारंजं. समजा १२० घरांची एक इमारत. देखभालीसाठी मुंबईत बरीच वर्षं घरामागे वीस हजारांची ठेव विकासकाकडून घ्यायचे. चोवीस लाख झाले. सात टक्क्यांनी महिन्याला चौदा हजार व्याज. तीन लिफ्टचा करार, पंप, जिन्यातले दिवे, पाण्याचं बिल, झाडू, वॉचमन असा खर्च दीड लाखाच्या आसपास. व्याज वजा करून घरामागे अकराशेच्या वर. ज्या घरात महिन्याला बारा हजार येतात तिथे हे पहिले सहा महिने भरले जातात. मग एक लिफ्ट बंद पडते. मग तिचे भाग दुसरीला लावतात. नवव्या मजल्यावरच्या म्हातारीला खाली आणायला खुर्चीवर बसवून चार पोरं उचलतात, हे मी पाहिलंय, मीच काढलेल्या नकाशातल्या जिन्यात. जिना नियमाप्रमाणे होता. खुर्ची वळत नव्हती.

दाटीचंही तेच. गोवंडी-मानखुर्दच्या नटवर पारेख आणि लल्लूभाई कंपाउंडसारख्या पुनर्वसन वसाहतींत दोन इमारतींच्या मधलं अंतर जेमतेम तीन मीटर आहे. खालच्या मजल्यांवर भर दुपारी दिवा लावावा लागतो. तिथल्या क्षयरोगाचा अभ्यास झाला तेव्हा, हवा-उजेड न पोचणाऱ्या खालच्या मजल्यांवर रोग जास्त असल्याचं आढळलं. हे अंतर कोणी चुकून ठेवलेलं नाही. गरिबांच्या इमारतींसाठी ते सवलत म्हणून नियमात बसवून दिलं होतं.

पात्रतेबद्दल एकच सांगते. तुमच्या ‘४०० झोपड्या’ हा आकडा कुठून आला? घरपट्टीच्या रजिस्टरमधून असेल तर तो चूक आहे. मुंबईत परिशिष्ट-२, म्हणजे पात्र झोपडीधारकांची यादी, करताना तळमजल्यावरचाच माणूस पात्र ठरतो. वर पोटमाळ्यावर कुटुंब असलं तरी ते हिशोबात नाही. दोन भावांच्या दोन चुली, एक दार, एक घर, आणि मग आयुष्यभराचं भांडण. दारं मोजू नका, चुली मोजा. आणि मोजताना कोण काय धंदा करतं ते लिहा. बसस्टँडमागे म्हणजे हातगाड्या असणार, भंगार असणार, शेळ्याही असतील. सातव्या मजल्यावर हातगाडी जात नाही. ती माणसं फ्लॅट भाड्याने देतील आणि पुढच्या नाल्याकाठी परत पत्रा ठोकतील, आणि तुम्ही म्हणाल, बघा, यांना फुकट दिलं तरी विकून खातात.

मग करायचं काय? जे मी स्वतः पाहिलंय किंवा ज्याचा परिणाम माहीत आहे तेवढंच सांगते.

तुमच्यासारख्या गावात जमीन स्वस्त आहे आणि घरं बैठी आहेत, ही अडचण नसून सोय आहे. लोकांना जागेचा पट्टा द्या, आहे तिथेच. ओडिशाने २०१७ मध्ये शहरी झोपडीधारकांना जमिनीचा हक्क देणारा कायदाच केला आणि ‘जागा मिशन’ म्हणून लहान शहरांत तो राबवला. आपल्याकडे नागपुरात पट्टेवाटप झालेलं आहे. पट्टा हातात आला की पंतप्रधान आवास योजनेच्या स्वतःच्या जागेवर घर बांधण्याच्या घटकात केंद्राचे दीड लाख आणि राज्याचा एक लाख मिळतो, बाकीचं माणूस स्वतः उभं करतो. २०१५ च्या मूळ योजनेत चार घटक होते. जागेवरच झोपु योजना करणारा, म्हणजे विकासकाच्या भरवशावर चालणारा घटक सगळ्यात रडतखडत चालला. सर्वात जास्त घरं लोकांनी स्वतः बांधली. २०२४ मध्ये योजनेचा दुसरा टप्पा आला तेव्हा झोपु घटक वगळलेलाच होता. तुमच्या विकासकाला ही बातमी बहुधा पोचली नाही.

४०० घरांच्या वस्तीत हे करताना थोडी आखणी बदलावी लागते. दोन गल्ल्या रुंद करायच्या, वीस-पंचवीस घरं सरकवायची, मलवाहिनी टाकायची. इथे तुमचं काम आहे आणि इथे खासगी भागीदारही घ्या की! सामायिक शौचालयं, पाणी, दर्शनी भागातले गाळे. गाळ्यांची पट्टी वेगळी काढा, जाहीर निविदा काढा, जो जास्त देईल त्याला ठरावीक वर्षांच्या भाडेपट्ट्याने द्या आणि तो पैसा वस्तीच्या गटारावर आणि रस्त्यावर खर्च करा. गाळे खपले नाहीत तर नुकसान गाळेवाल्याचं होईल, घरं अडणार नाहीत.

जागा पुरत नसेल तर सोलापूरकडे बघा. कुंभारीला विडी कामगार, यंत्रमाग कामगार, चिंध्या वेचणारे अशांचं रे नगर उभं राहिलंय, ३० हजार घरांचं. जानेवारी २०२४ मध्ये १५ हजार घरांच्या चाव्या दिल्या गेल्या. भागीदारीतल्या परवडणाऱ्या घरांच्या घटकाखाली झालेलं हे काम आहे, पण तिथे भागीदार म्हणून कामगारांच्या सहकारी संस्थांचा संघ आहे. सदस्यांनी स्वतःचा वाटा घातला, अनुदान मिळालं, बांधकामाला ठेकेदार नेमला. त्याआधी तिथेच विडी कामगार महिलांची दहा हजार घरं २००६ मध्ये झाली होती, म्हणजे संघटनेला सवय होती. शहराबाहेर असल्यामुळे कामावर जाण्या-येण्याचा प्रश्न आहेच. पण फ्लॅट विकले जाण्यावर कोणाचं छप्पर टांगलेलं नव्हतं. तुमच्याकडे अशी संघटना आहे का, ते मला माहीत नाही. नसेल तर ती ठरावाने तयार होत नाही.

मोठ्या बिल्डिंगाच करायच्या असतील आणि राज्य सरकार मागे उभं राहणार असेल तर मुंबईतल्या बीडीडी चाळींच्या पुनर्विकासाची पद्धत अभ्यासा. १६० फुटांच्या खोल्यांतल्या रहिवाशांना ५०० फुटांची घरं. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीत पहिल्या ५५६ चाव्या मिळाल्या. तिथे योजना म्हाडा स्वतः राबवते, कंपन्या फक्त ठेकेदार आहेत, आणि विक्रीची जोखीम म्हाडाने स्वतःवर घेतलीय. नगरपालिकेच्या तिजोरीला हे झेपणार नाही, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. धारावीची तुलना कृपया कोणी करू नका. पहिली मंजुरी २००४ ची, निविदा किती वेळा निघाल्या आणि रद्द झाल्या, आणि जागा बीकेसीला (वांद्रे-कुर्ला संकुलाला) खेटून. ते गणितच वेगळं.

तरीही वरून दबाव आला आणि विकासकाबरोबर करार करावाच लागला, तर एवढं लिहून घ्या. निविदा खुली काढा, आलेला प्रस्ताव तसाच स्वीकारू नका. पुनर्वसनाच्या इमारतीचा भोगवटा दाखला मिळेपर्यंत गाळ्यांची चावी नाही. सगळ्या काळाचं भाडं वेगळ्या बँक खात्यात आधी जमा, त्यावर पालिकेची आणि सोसायटीची सही. बांधकाम सलग सहा महिने थांबलं तर जागा आपोआप परत, नोटिसांचा खेळ नाही, आणि त्यासाठी राष्ट्रीयीकृत बँकेची हमी. पाच मजल्यांच्या वर जायचं नाही. हे सगळं वाचून तो परत आला तर मला फोन करा, मी स्वतः त्याला भेटायला येईन.

तुम्ही शेवटी लिहिलंय की त्याची पोरं वस्तीत संमतीपत्रांवर सह्या घेत फिरतायत आणि निम्म्यांच्या झाल्यासुद्धा. या सोमवारीच पालिकेच्या वतीने वस्तीत फलक लावा: अशी कोणतीही योजना मंजूर नाही, कोऱ्या कागदावर सही करू नये, मूळ रेशनकार्ड आणि लाइटबिल कोणाला देऊ नये. ज्यांनी दिलीत त्यांची यादी करा आणि कागद परत मिळवून द्या. पुढे चुली मोजायला तेच कागद लागणार आहेत.